गाईचे मागचे पाय

हॅडनशॉ, यॉर्कशायर
रविवार, ९ जानेवारी १९६६

क्लिफर्ड,

गाईचं डोकं ताबडतोब परत पाठव.

बाकीचं नंतर बोलू. आपलं नवराबायकोचं भांडण आहे, ते काही नासणार नाही, राहील चार दिवस फडताळात. पण गुरुवारी पुन्हा पडदा वर जायचा आहे, तिन्ही दिवसांची तिकिटं खपली आहेत, आणि हॅडनशॉ हौशी नाट्यमंडळाकडे सध्या गाईची फक्त मागची बाजू आहे. म्हणजे दोन पाय, एक शेपूट, कापडी आचळं आणि मी. डोकं रेल्वेच्या पार्सलनं पाठव. पापण्या मिचकावायची दोरी नीट गुंडाळ, गुंता सोडवत बसायला मला वेळ नाही.

आता तू म्हणशील, काय झालं ते मला माहीत आहे. नाही क्लिफर्ड, तुला माहीत नाही. तू निघून गेलास. माझ्या बाजूनं काय झालं ते ऐक.

शनिवार दुपारचा प्रयोग, दुसरा अंक, जहाजाचा देखावा. कप्तान आपल्या हरवलेल्या समुद्रकन्येसाठी ते रडवं भाषण करतोय. गाईच्या सोंगात पुढे तू आणि मागे मी, नेहमीसारखी कातड्यात वाकलेली, कपाळ तुझ्या पाठीला टेकलेलं, दोन्ही हात तुझ्या पट्ट्यात. प्रेक्षकांत खुसखुस सुरू झाली तेव्हाच मी ओळखलं की तू पापण्या मिचकावतोयस. आदल्या दिवशीच मिस फेअरबर्ननं तुला सगळ्यांदेखत सांगितलं होतं, दुसरा नट बोलत असताना गाईनं डोळे मिचकावायचे नाहीत. दिग्दर्शिका आहे ती, सांगणारच. तू तेव्हा "बरं" म्हणालास. तू "बरं" म्हणालास तेव्हाच मला धडकी भरली होती. मग दुसऱ्या दोरीचा झटका जाणवला, म्हणजे जीभसुद्धा बाहेर काढलीस! विंगेतून बाईंचा दबका आवाज आला, "मिस्टर सग्डेन, पुरे आता!" आणि तुझी पाठ ताठ झाली.

मग गाईचा पुढचा आणि मागचा भाग जोडणारे पोटाखालचे हूक सुटायला लागले. मला वाटलं, आपोआप निसटले. मी आतून कुजबुजले, "अरे, हूक! क्लिफर्ड, हूक सुटले!" तोवर तुझा पट्टा माझ्या हातातून निघून गेला होता आणि तोंडावर गार वारा आला.

दुसरी कुणी असती तर सरळ उभी राहून चालती झाली असती. पण मुलांसमोर कातडं उघडायचं नाही, हा नियम मला कुणी शिकवला? तूच. म्हणून मी तशीच वाकून उभी, समोर रंगमंचाच्या फळ्या, हात हवेत, आणि गाईला पुढची बाजूच नाही. विल्फचं मात्र मानलं पाहिजे. दिवसभर खाटकाच्या दुकानात सुरा चालवतो, पण झगा घालून म्हातारी केली की त्याची जीभ सुऱ्याहून जोरात चालते. कप्तानाची आई म्हणून तो पुढे आला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "अगंबाई! आमच्या गाईचं पुढचं पुढं गेलं, आणि मागचं मागंच राहिलं!" सभागृह हसून हसून लोळलं. मी उलट पावली विंग शोधत निघाले ती जहाजाच्या डोलकाठीवर आदळले. डोलकाठी कप्तानावर पडली. त्याच्या कपाळाला टेंगूळ आलंय.

तू कुठे गेलास ते मला पर्सीकडून कळलं. बसचा कंडक्टर आहे, पण तुझ्यासारख्या रेल्वेच्या तिकीट-तपासनीसाला तिकीट विचारायची त्याची छाती झाली नाही. पुढचे दोन पाय आणि शिंगं घालून तू त्याच्या बसमध्ये खिडकीशी बसलास, लीड्सपर्यंत एक शब्द बोलला नाहीस. मला एवढंच सांग, लीड्सला रेल्वेच्या खिडकीवर तू पूर्ण तिकीट मागितलंस की अर्धं? आणि मोरकॅमला मेविसनं दार उघडल्यावर काय केलं? तुझी बहीण म्हणून तिची मला पहिल्यांदा दया आली.

तुझी पॅंट ग्रीनरूममध्ये खुंटीवर आहे. ती मी पाठवणार नाही. आधी डोकं.

एनिड


बुधवार, १२ जानेवारी

क्लिफर्ड,

कार्ड मिळालं. एका बाजूला समुद्रकिनारा, दुसऱ्या बाजूला चार वाक्यं. "डोकं माझं आहे. मी बनवलं आहे. ती बाई माफी मागेपर्यंत मिळणार नाही. हवा छान आहे." हवा छान आहे! जानेवारीत, मोरकॅमला! कुणाला सांगतोस?

आधी मालकीचं बघू. तारेची जाळी तू वाकवलीस, कबूल. कागदाचा लगदा कुणी कालवला? महिनाभर माझ्या स्वयंपाकघरात त्या लगद्याचा वास होता. कातडं मी शिवलं. शेपटीला माझ्या आईची लोकर आहे. पापण्या माझ्या जुन्या ब्रशच्या. हिशेबानं तुझ्या वाट्याला फार तर शिंगं येतात. ती ठेवून घे आणि बाकीचं पाठव.

आता मिस फेअरबर्नचं. तुला वाटतं, लंडनला शिकून आली म्हणून ती शेफारलीय, तिला तुझी कला बघवत नाही. पहिल्याच वाचनाला तिनं विचारलं होतं, जहाजावर गाय कशाला? तू ताडकन उत्तर दिलंस, "मंडळाकडे गाय आहे म्हणून." ते उत्तर मला आजही बरोबर वाटतं. नाताळचं नाटक आहे, गोष्ट कुठलीही असो, मुलं गाईसाठी येतात. पण पापण्यांच्या बाबतीत ती खरं बोलली आणि तुला ते झोंबलं.

अरे, ती आज सांगतेय ते माझ्या कमरेला अठरा वर्षांपासून माहीत आहे. कुणाचं मोठं भाषण सुरू झालं की तू हळूहळू मागच्या पडद्याकडे सरकतोस. तू रंगमंचावर मागे गेलास की बोलणाऱ्याला तुझ्याकडे वळावं लागतं. तो वळला की त्याची पाठ प्रेक्षकांकडे. मग त्याचा चेहराही गेला, आवाजही गेला, आणि लोकांना बघायला उरल्या तुझ्या पापण्या. तो मुद्दाम करत नाही हो, असं मी दर वर्षी एकेकाला सांगत फिरते. आणि तू मागे सरकतोस तेव्हा तुझ्याही मागे कोण असतं? रंगवलेले डोंगर, रंगवलेले राजवाडे, यंदा रंगवलेला समुद्र, सगळे मी ढुंगणानं ओळखते.

इथली हकिगत अशी. तुझ्या जागी बँकेतल्या ऑग्डनला घेतलंय. चहाच्या खोक्याचं डोकं केलंय विल्फनं. गाय कमी आणि टपालपेटी जास्त दिसते. ऑग्डन सज्जन आहे, इतका की माझा हात त्याच्या पट्ट्याला लागला की दर वेळी "माफ करा मिसेस सग्डेन" म्हणतो. पण त्याचा जन्म खुर्चीत बसून नाटकं बघण्यात गेला. रंगमंचावरचं डावं म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं डावं, हे त्याला किती वेळा सांगायचं? सोमवारी तालमीत बाई म्हणाल्या, "गाय डावीकडून बाहेर." मी निघाले डावीकडे, ऑग्डन निघाला उजवीकडे, आणि मधलं कातडं टरकन फाटलं.

ते शिवायला घरी आणलं होतं, तेव्हा काल संध्याकाळी मिस फेअरबर्न चहाला आली. मुद्दाम आली असं मला वाटतं. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, "मिसेस सग्डेन, आत तुम्हाला दिसतं काय?"

मी म्हटलं, "फळ्या."

"मग बाहेर काय चाललंय ते कळतं कसं?"

"ऐकून. सगळ्यांची सगळी वाक्यं मी आत म्हणत असते. त्याशिवाय पाऊल कधी उचलायचं ते समजत नाही."

"सगळ्यांची?"

"हो. कप्तानाची, म्हातारीची, समुद्रकन्येची. गेल्या वर्षीचीही येतात अजून."

"म्हणून दाखवा ना एखादं."

मी भांडी घासत होते. तिथेच, साबणाच्या पाण्यात हात घालून, कप्तानाचं ते रडवं भाषण म्हटलं. गिरणीत कापडातल्या चुका शोधताना म्हणते तसंच, काही वेगळं नाही. म्हणून झाल्यावर वळले तर तिनं कप खाली ठेवला होता. "तुम्ही कधी बोलतं काम का नाही मागितलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कुणी विचारलं नाही." तेव्हापासून ते उत्तर माझ्या डोक्यात घोळतंय आणि मला त्याचा राग येतोय. राग नक्की कुणाचा ते अजून ठरलेलं नाही, पण तू हाताशी आहेस.

डोकं पाठव. आणि कोळशाच्या खोलीची किल्ली कुठे ठेवलीस? घर गारठलंय.

एनिड


शुक्रवार, १४ जानेवारी

क्लिफर्ड,

किल्ली तुझ्या खिशात आहे म्हणे! गाईच्या पायांना खिसे असतात का? असतात, कारण तुझा पाइप ठेवायला ते मीच शिवून दिले. चांगुलपणाचं फळ. विल्फनं आपला हाडं तोडायचा सुरा आणून कुलूप फोडलं. आता कोळसा आहे, कुलूप नाही.

काल रात्रीच्या प्रयोगाचं तुला दुसरं कुणी सांगण्याआधी मीच सांगते.

पहिला अंक ठीक गेला. गाय आली, गेली, कुठे आदळली नाही. दुसऱ्या अंकात म्हातारीनं कप्तानाला अंगठीचा पत्ता सांगायचा असतो, तिथे विल्फ अडकला. साफ कोरा झाला. वाक्य द्यायला विंगेत पोस्टातली मिसेस टॉड बसते, ती नेमकी चष्मा शोधत होती. मी आत नेहमीसारखी पुटपुटत होते, "अरे लेका, ती अंगठी मी माशाच्या पोटात पाहिली!" पण बाहेर कुणीच बोलत नव्हतं ना, तर माझं पुटपुटणं सभागृहभर ऐकू गेलं. गाईच्या मागून.

मला वाटलं, संपलं सगळं, आता मंडळातून नाव कटणार. पण विल्फ तो विल्फच. झगा सावरत गाईच्या मागे आला, शेपूट उचललं आणि विचारलं, "काय म्हणालीस, बाई? पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

"अगं, पण तू बोलतेस तरी कुठून?"

कुणी लिहून दिलं नव्हतं, क्लिफर्ड. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "पुढचीला अक्कल नाही, मग बोलावं लागतं मिळेल तिथून!"

असं हसू मी त्या सभागृहात कधी ऐकलं नाही. फळ्या हलल्या. पायाच्या तळव्यातून अंगात चढलं ते हसू. मला एक सांग, इतकी वर्षं तू हे मला कधी बोलला का नाहीस? आत असं होतं, असं पोटात ऊन पडल्यासारखं होतं, हे तुला माहीत होतं. मला वाटायचं, हसू तुझं आणि घाम माझा, अशीच वाटणी असते.

ऑग्डन मात्र घाबरला. आपण काही चुकलो असं समजून वळला, अर्थात उलट्या बाजूला, आणि रंगमंचाच्या कडेवरून थेट पियानोवाल्या मिस लम्बच्या मांडीत. तिला काही झालं नाही. त्याचा घोटा मुरगळला, टम्म सुजलाय, आणि खोक्याचं डोकं पार चेपलं. म्हणजे आज गाईला पुढचे पायही नाहीत आणि डोकंही नाही.

पडदा पडल्यावर मी बाईंची माफी मागायला गेले. ती म्हणाली, "माफी? उद्याही बोला. फक्त विल्फचं वाक्य संपू द्या, त्याच्यावर चढू नका." बघ, मलाही सूचना मिळाली. मी काही शिंगं घालून गाव सोडलं नाही.

आता एक लिहिते आणि मग कपडे धुवायला जाते. ऑग्डनची पाठ सज्जन आहे, पण मुकी आहे. तुझी पाठ मला कळते. तुझी आई गेली त्या आठवड्यात तू प्रयोग चुकवला नाहीस. बाहेर पोरं हसत होती, कारण तू पापण्या मिचकावतच होतास, आणि आत तुझी पाठ गदगदत होती. मी कपाळ टेकून राहिले. त्याबद्दल तू कधी बोलला नाहीस, मीही नाही. मला तुझी आठवण येते, आता आलंय तर लिहून टाकते. आणि तू मोरकॅमला गेलास याचा मला तितका राग नाही, जितका मला न सांगता पट्टा सोडवून घेतलास याचा आहे. बाईवर रागावला होतास तर तिला सोडायचं होतंस. मला का सोडलंस?

एनिड


शनिवार, १५ जानेवारी, सकाळी

क्लिफर्ड,

घाई आहे, विल्फच्या परकराला इस्त्री करायची आहे. हे पत्र तुला सोमवारी मिळेल आणि तोवर कुणीतरी तिखटमीठ लावून सांगितलेलं असेल, तरी माझ्याकडून ऐक.

काल अर्धीच गाय गेली. मी एकटी, वाकून, पुढचं कातडं दुमडून पोटाशी टाचलेलं. विल्फनं विचारलं, "अगं, तुझं डोकं कुठंय?"

मी म्हटलं, "मोरकॅमला गेलंय. बहिणीकडं!"

तुला काय सांगू. अख्ख्या गावाला माहीत आहे तू कुठे आहेस ते. विल्फनं ते पुन्हा विचारलं, मग पुन्हा, आणि शेवटी मला बोलायची गरजच उरली नाही. तो नुसता "कुठं गेलंय?" म्हणायचा आणि सगळं सभागृह ओरडायचं, "मोरकॅमला!" पर्सी सांगत होता, बसच्या डेपोत फळ्यावर कुणीतरी मोरकॅमची जादा बस लिहून ठेवलीय.

तुला लागेल हे. लागू दे थोडं. मलाही आठवडाभर लागतंय.

आज दुपारी शेवटचा प्रयोग. कामाला जाते.

एनिड


सोमवार, १७ जानेवारी

क्लिफर्ड सग्डेन,

तू आला होतास!

आणि मला हे विल्फकडून कळावं! तोंडावरचा रंग पुसता पुसता त्यानं सांगितलं, जसं काही आज हवा कशी आहे ते सांगतोय. शेवटच्या रांगेत, खांबाजवळ, मेविसच्या नवऱ्याचा कोट घातलेला, बाह्या मनगटाच्या वर. मांडीवर पोतं. पडदा वर जाताच त्याला दिसलास, म्हणे. मग त्यानं मला विंगेत सांगायला नको? तर म्हणतो, "सांगितलं असतं तर तू आतून आली असतीस का तशी?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीये. मटण पलीकडच्या दुकानातून आणलं.

तुला काय ऐकू आलं ते मला माहीत आहे. "कुठं गेलंय?" आणि सगळ्यांचं "मोरकॅमला!" तीनशे माणसं तुझ्या भोवती ओरडत होती आणि तू मान खाली घालून बसला होतास, विल्फ म्हणतो. ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. तू समोर आहेस हे माहीत असतं तर मी ओरडू दिलं नसतं. खरं सांगू? कदाचित दिलंही असतं. पण मग निदान मला माहीत असतं.

आणि मग त्या गाढवानं ते विचारलं. तालमीत नाही, ठरलेलं नाही, काही नाही. मला वाटलं आता गाणं सुरू होईल, मी पाय उचलला होता. तर विल्फ हळूच म्हणाला, "आणि काय गं, परत कधी येणार ते?"

मला सगळ्यांची वाक्यं येतात, क्लिफर्ड. ह्याचं येत नव्हतं. समोर त्याच त्या फळ्या. लोक हसायच्या तयारीत थांबलेले, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "माहीत नाही. मी दार लावलेलं नाही."

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली कुणीतरी बाई "अगं बाई गं" असं म्हणाली. मग मिस लम्बनं बिचारीनं पियानो सुरू केला.

विल्फ म्हणतो, त्या वेळी तू उठून उभा राहिलास. त्याला वाटलं तू पुढे येतोस. आणि तू बाजूच्या दारानं निघून गेलास! लोकांना खाली वाकून अभिवादन करायची वेळ आली तेव्हा तुझं पोतं राखणदाराच्या टेबलावर होतं. "हे सग्डेनबाईंना द्या," एवढंच म्हणालास त्याला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. स्टेशनच्या वाटेवर आपलं घर लागतं, माणसा! दार लावलेलं नव्हतं, कुलूपसुद्धा नव्हतं कुठे!

बरं. आता माझं ऐक, आणि हे नीट वाच, कारण मी दोनदा लिहिणार नाही.

काल दुपारी मी पोत्यातलं ते डोकं घालून आरशासमोर उभी राहिले. आधी वाटलं मान मोडते की काय. इतकं जड आहे हे तू मला कधी सांगितलं नाहीस. खांद्याला ती तार किती टोचते! मला वाटायचं मागचीच कष्ट करते. मग गाईच्या तोंडातून बाहेर बघितलं. बारीक भोक आहे, पण दिसतं सगळं. आपली बैठकीची खोली दिसली, तुझी खुर्ची दिसली. म्हणजे तुला इतकी वर्षं चेहरे दिसत होते. हसताना लोक कसे दिसतात ते मी एकदाही बघितलेलं नाही. ऐकूनच म्हातारी झाले.

खालच्या गावातल्या शाळेनं एक जादा प्रयोग मागितलाय, २९ तारखेला. मिस फेअरबर्ननं गाईचं बोलणं संहितेत लिहून घेतलंय, म्हणजे आता ते काम झालं, नाव छापून येणार. पण तिचं म्हणणं, मागून बोललेलं सहाव्या रांगेपलीकडे पोचत नाही, मुलांना ते गाईच्या तोंडातून ऐकू यायला हवं. म्हणजे बोलणारी पुढे हवी. तिनं मला विचारलं, तुम्ही पुढे व्हाल का? या वेळी कुणीतरी विचारलं होतं. मी हो म्हटलं. घरी येऊन विचार करून सांगते असं म्हटलं नाही, क्लिफर्ड, तिथल्या तिथे हो म्हटलं. तुला न विचारता.

तेव्हा डोकं मी घालणार. मी परत मागे जाणार नाही, तू आलास तरी नाही, रुसलास तरी नाही. पापण्या मी मिचकावणार आणि दुसरा बोलत असताना मिचकावणार नाही. आत वाकून, काही न दिसता, माझ्या पट्ट्याला धरून चालायला कुणीतरी लागेल. मी कधी वळणार ते माझ्या पाठीवरून ज्याला कळेल असा माणूस हवा. असा गावात एकच आहे आणि तो गावात नाही.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मंडळाची बैठक आहे, ग्रीनरूममध्ये. मागचे पाय कुणी करायचे, एवढा एकच विषय आहे. मी तुझं नाव सुचवणार आहे. तुझी हरकत असेल तर ती पत्रानं घेतली जाणार नाही, स्वतः येऊन सांगावी लागेल.

एनिड